हळदीची मूळ कॅसेट

आई गेली तेव्हा आमच्याकडे तिचा आवाज नव्हता. फोटो होते, तेही मोजकेच, आणि बहुतेक आधार कार्डाच्या धाटणीचे. मोबाइल समोर धरला की आई पदर तोंडावर ओढून बाजूला सरकायची. "माजा कशाला रं? पोरांचा काढ." लाजते म्हणून आम्ही हसायचो. शेवटच्या दोन वर्षांत अर्धांगवायूने तिची वाचा नेली आणि मग काढायलाही काही उरलं नाही.

भाऊ वर्षभर हेच धरून बसला होता. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा आई एकदा तरी चालती-बोलती दिसली पाहिजे, असं त्याने जाहीर केलं. जाहीर करायचं त्याने आणि धावपळ करायची मी, ही आमच्या घरातली जुनी वाटणी आहे. चालती-बोलती आई फक्त एका ठिकाणी होती, माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये.

तेव्हा शूटिंगवाल्याने दोन कॅसेटी दिल्या होत्या. एक मिक्सिंग केलेली. तिच्यात माणसांचा आवाज पुसून सिनेमाची गाणी टाकलेली, कोपऱ्यातून बदाम उडताहेत, माझा चेहरा कमळातून उमलतोय, असा सगळा आचरटपणा. दुसरी मूळ, जशी शूट झाली तशी. त्यात तेच असणार म्हणून ती कधी कुणी लावलीच नाही. पहिली मात्र दर गणपतीत भाड्याचा व्हीसीआर आणून बघायचो. हळदीचा प्रसंग तर आम्हाला पाठ होता, आणि त्या प्रसंगानेच आमचं घर फुटलं.

वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यामुळे माझ्या लग्नात आईने हळद लावायची नाही, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. लावायला सवाष्णी होत्या, आणि त्यांच्यात पुढे होती कळंबची काकी, चुलत्यांची बायको. पण कॅसेटमध्ये दिसतं की आई हळदीची वाटी घेऊन मांडवात येते. माझ्या पाटाशी पोचते. वाकते. मध्येच थांबते, वाटी काकीच्या हातात देते आणि चित्राबाहेर निघून जाते. मी बायकांच्या पाठींआड आहे, माझी नुसती मुंडावळ दिसते. काकीचं तोंड मात्र स्पष्ट दिसतं, रागाने काहीतरी बोलणारं. वर गाणं चालू.

"काकीनेच हाकललं आयेला," भावाने निकाल दिला. आईला विचारलं तर म्हणाली, "कोनी काय बोललं नाय. माजी मीच मागं सरले." हा तिचा मोठेपणा, असं आम्ही ठरवून टाकलं. भावाने स्वतःच्या लग्नाला काकीला बोलावलं नाही. काका वारले तेव्हा स्मशानातूनच परत आला, काकीच्या दारात गेला नाही. मीही गेले नाही. खोटं कशाला सांगू, मला तो राग सोयीचा होता. आईचं जे जे वाईट झालं त्याला एक नाव मिळालं होतं.

भावाकडची गाण्यांची कॅसेट काढली तर तिच्यावर पांढरी बुरशी. आमच्याकडच्या पावसात लोणचं टिकतं, कॅसेट टिकत नाही. मग माझ्या नेरळच्या घरी माळ्यावर मूळ कॅसेट सापडली, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली. ती घेऊन कर्जतला गेले. स्टेशनजवळ एक गृहस्थ हे काम करतात. पूर्वी स्वतः लग्नांची शूटिंग करायचे, आता त्याच लग्नांच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतात. म्हणाले, "ताई, दोन तासांची कॅसेट उतरायला दोन तासच लागतात. बसा." आणि कानाला लावायला हेडफोन दिला.

मांडवातला गलका, ताशा, कुणाचं तरी रडणारं पोर. वडिलांच्या मित्राचा खोकला ओळखला, हसूही आलं. मग आई वाटी घेऊन आली. मी आवाज वाढवला.

"आये, तू नको ना गं येऊस. शूटिंग चालू हाय. तिकडली मानसं बगतील."

माझा आवाज होता. दुसऱ्या कुणाचा नव्हताच.

"बरं बाय. मी हाय हितंच," आई म्हणाली.

आणि लगेच काकी, ते रागाचं तोंड करून, "अगं लावू दे की तिला! आय हाय ना तुजी!"

मी हेडफोन काढून ठेवला. मला हे आठवत नव्हतं. शाळेत शिकवते, दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने दाखवायच्या हा माझा पेशा, आणि एवढी मोठी चूक मी साफ विसरले होते. त्यावर कुणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. सासरची माणसं शहरातली, ती कॅसेट बघतील, नवरीला विधवा आईचा हात लागलेला बघतील, ही भीती मात्र ऐकताक्षणी ओळखीची वाटली. ती माझीच होती. आई त्यानंतर प्रत्येक कॅमेऱ्यापुढून का सरकायची, तेही तिथेच कळलं. मला माझी किळस आली.

"आवाज ठेवू की वर गाणं टाकू?" त्या गृहस्थांनी विचारलं. "लोक गाणंच टाकतात. नुसता गोंगाट असतो ना."

"टाका," मी म्हणाले.

खरंच म्हणाले. बाहेर आले, रिक्षापर्यंत गेले. गाणं टाकलं की माझं बोलणं जाणार होतं. आईचंही जाणार होतं. सगळी मिळून पाच शब्दांची आई शिल्लक राहिली होती, ती मी माझ्या अब्रूसाठी पुसायला निघाले होते. परत गेले आणि म्हटलं, राहू द्या, आहे तसंच ठेवा.

मग काकीला फोन केला. "आईच्या वर्षश्राद्धाला ये," म्हटलं. "तुजा भाव मला आत घेईल काय?" "मी घेते," म्हटलं. त्याहून जास्त सांगायचं धाडस फोनवर झालं नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर भावाने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. काकी दाराशी खुर्चीत बसली होती. भाऊ तिच्याशी बोलला नव्हता, माझ्याशीही नाही, तिला बोलावलं म्हणून. माणसं दाटीवाटीने बसली. आई वाटी घेऊन आली, आणि मागोमाग माझा आवाज आला.

काही जणांनी माझ्याकडे पाहिलं. भावाने नाही पाहिलं. तो टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसला. "आये बोलली," म्हणाला. "मागं घे."

मागे घेतलं. तू नको ना गं येऊस. बरं बाय, मी हाय हितंच.

"परत."

आईचं ऐकायचं तर आधी माझं ऐकावं लागत होतं. रिमोट माझ्याच हातात होता. तिसऱ्यांदा लावलं, चौथ्यांदा लावलं. भाऊ ओठ हलवत तिच्याबरोबर म्हणत होता, डोळे वाहत होते, आणि दर वेळी आई वाकत होती, थांबत होती, निघून जात होती.

"परत लाव," तो म्हणाला.

तेव्हा काकी खुर्चीतून उठली.

"बास कर रं आता," ती म्हणाली. "त्या बिचारीला किती येळा बाजूला काडशील?"