व्याह्यांचा टेस्टर आणि जपानची लाइट

लाइटीवर आमच्या भिगवणच्या व्याह्यांइतकी माया करणारा माणूस उभ्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. लोक बैलाच्या पाठीवरून हात फिरवतात, हे मीटरच्या पेटीवरून फिरवतात. खिशाला पेन नाही, टेस्टर. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीसाठी पहिल्यांदा आमच्याकडं आले, तेव्हा पोह्यांची बशी बाजूला सारून आधी आमच्या बोर्डात टेस्टर घातला आणि म्हणाले, "लाइट चांगली हाय पाव्हणं तुमची. पोरगी द्यायला हरकत न्हाय." मी चौथी शिकलेला, पण कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. त्या दिवशी मात्र ऐकून घेतलं, कारण मुलगी गुणाची होती.

पुढं माझा मुलगा आणि सून नोकरीपायी जपानला गेले, तिथं नात झाली, आणि बारशाला मी आणि व्याही, दोघे म्हातारे निघालो. विमानतळावर टेस्टर काढून घेतला. व्याही तिथल्या शिपायाला म्हणाले, "सायब, माघारी येस्तवर नीट ठेवा, गंजू देऊ नका." जपानात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न, लाइट किती व्होल्टची? शंभर, असं मुलानं सांगितलं. व्याही हसायलाच लागले. "शंभर? समद्यांच्या हिरीवरच्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडं येवढी उरती. ह्यांचा देश चालतो कसा?"

आता बारशाला नाव सांगायचं आत्यानं, आणि आत्या, म्हणजे माझी मुलगी, बारामतीत. हट्टात ती माझ्यावर गेलेली. फोनच्या एवढ्याशा काचेतून नाव सांगणार नाही, पाळण्याशेजारी माझं तोंड मोठं दिसलं पाहिजे, म्हणाली. म्हणून लॅपटॉप मांडला. पण चार्जर पुण्याचा, तीन गोल पायांचा. जपानच्या भिंतीला दोन चपट्या फटी. मधे लावायचा अडॅप्टर मुलगा ऑफिसात विसरलेला. तो आणायला पळाला. इकडं बॅटरी संपत आलेली, पडद्यावर आत्या नटून बसलेली.

"पिन न्हाय म्हणून आपली मोटार कधी थांबली का?" व्याही म्हणाले, आणि सुरीनं चार्जरची पिन कापून दातानं वायरी सोलल्यासुद्धा. फटीत वायरी घालायच्या आणि काडीनं दाबायच्या, ही आपली रीत. पण सुनेच्या शेगडीला बटण, घरात काडेपेटीच नाही. "आख्ख्या जपानात एक काडी न्हाय?" व्याही कळवळले. तेवढ्यात मुलगा धापा टाकत आला. एकदा हातातल्या अडॅप्टरकडं बघितलं, एकदा व्याह्यांच्या हातातल्या तुटक्या पिनेकडं. "मामा, आता हा लावू कशाला?"

सून रडकुंडीला आली. व्याह्यांचं तोंड बघवेना. पडद्यातून आत्याच व्याह्यांना ओरडली, "तात्या, पाळणा-बिळणा राहू द्या, आधी पोरीचा कान हिकडं करा!" व्याह्यांनी नात उचलून पडद्याला भिडवली. आत्यानं "कुर्रर्र" केलं, "सई" म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

"पोचलं का?" व्याह्यांनी घाबरून विचारलं. नात काळ्या पडद्याकडं बघून बोळकं पसरून हसली. "पोचलं!" म्हणून ते असे ओरडले की शेजारचा जपानी दार उघडून वाकून नमस्कार करून गेला.

टेस्टर काही परत मिळाला नाही. त्या जागी खिशात आता ती तुटकी पिन असते. दर रविवारी नातीशी बोलायला ते आमच्याकडं येतात, तासभर आधी, लाइट बघायला. परवा सई पहिल्यांदाच त्यांना "आबा" म्हणत होती आणि ऐन वेळी लाइट गेली, चित्र गेलं. मी उठलो, "चला पाव्हणं, जेवून घेऊ."

व्याही हलले नाहीत. पिन बोटांत फिरवत म्हणाले, "थांबा की जरा. ती तिकडं कान लावून बसली आसंल."