बेक्कु न्हाई

सारा देश साहेबाला घालवायच्या मागे लागला होता, तेव्हा आम्ही कानडी मुलखाला लागून असलेल्या शहापुरात उंदरांना घालवायच्या मागे होतो. साहेब निदान रात्री झोपत तरी असे.

आम्ही विणकर. सुताला तांदळाची खळ लावायची, वाळवायचं आणि मागावर चढवायचं. ही खळ सुतासाठी असते असा आमचा समज. उंदरांचा समज वेगळा होता. खडेबाजारातल्या शेटजींनी एक लग्नाचं लुगडं विणायला दिलं होतं आणि त्याचे धागे रोज सकाळी कुरतडलेले मिळत. "लुगडं येळेत न्हाई आलं तर पुढचं सूत न्हाई," असं शेटजी बजावून गेले होते. सूत नाही म्हणजे माग बंद, आणि माग बंद म्हणजे चूल बंद.

"मांजर आणा," आमचं कुटुंब म्हणालं.

"मला मांजर सोसत न्हाई गं. शिंका येत्यात."

"तुमच्या नाकाला इचारून घर चालवायचं का?"

माझे वडील, आप्पा, यांच्या मते मांजराचा आणि शिंकेचा काडीचा संबंध नव्हता. शिंक देव पाठवतो, पुढचं विघ्न सांगायला. (देवाने या कामाला माझंच नाक का नेमलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.)

शेजारचं मांजर परीक्षेला आणलं. त्याच दिवशी आप्पा शेटजींकडे निघाले. त्यांनी पायताण घातलं, मी शिंकलो. ते परत येऊन बसले, घोटभर पाणी प्याले, पुन्हा उठले. मी पुन्हा शिंकलो! दुपारपर्यंत पाणी पिऊन पिऊन आप्पा तट्ट फुगले, पण उंबरा काही ओलांडला नाही. संध्याकाळी मांजर परत गेलं.

मग मी मुंगूस आणलं. मुंगसाचे केस राठ, उडत नाहीत, त्यामुळे शिंका येणार नाहीत, हा माझाच शोध. शिंका खरंच आल्या नाहीत. पण मागाखालचा खड्डा मुंगसाने आपला मानला, आणि विणताना पाय त्याच खड्ड्यात सोडून बसायचं असतं. आप्पांनी पाय सोडले, मुंगसाने अंगठा धरला.

"साप वाटला असंल त्येला," मी समजूत घातली.

मुंगूसही गेलं.

शेवटी मुदत वाढवून मागायला मीच खडेबाजारात गेलो. दुकानाच्या ओट्यावर शेटजींचं एक कूळ बसलं होतं. बैलहोंगलकडचा म्हातारा, मराठीचा गंध नाही. शेटजींनी त्याला कन्नडमधून आमचं उंदीरपुराण ऐकवलं. म्हातारा कळवळला आणि मला म्हणाला, "बेक्कु बेकेनु?"

बेक्कु म्हणजे मांजर, बेकु म्हणजे पाहिजे. एवढं कन्नड मला येतं. नको असेल तर 'बेड' म्हणायचं, हेही येतं. पण म्हाताऱ्याच्या घोंगडीला मांजराचे केस चिकटले होते, आणि शिंकताना माणसाला मायबोलीच सुचते.

"न्हाई! आक्छी! बेक्कु न्हाई! आक्छी! न्हाई, न्हाई!"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. एवढी कसली खुशी, ते मला पुढच्या बाजाराच्या दिवशी कळलं. कन्नडमध्ये कुत्र्याला 'नायी' म्हणतात. म्हातारा आमच्या दारात उभा होता, टोपलीत मांजर आणि दोरीला कुत्री. जितक्यांदा मी नाही म्हणालो होतो, तितकी.

"परत धाडतो," मी म्हणालो.

आप्पांनी माझा हात दाबला. "शेटजींचा माणूस हाय, रं. त्येला दुखवलास तर सूत गेलं."

कुत्री गल्लीने वाटून घेतली. मांजर राहिलं. त्याने उंदरांचा पार फडशा पाडला आणि लुगडं वेळेत पुरं झालं. ते न्यायला शेटजी स्वतः आले. त्यांनी उंबऱ्यात पाय टाकला आणि मी शिंकलो. शेटजी मागे सरले. आप्पांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. ते उठले, मी शिंकलो. आता मात्र शेटजी थेट टांग्यात जाऊन बसले. झालेलं लुगडं आणि यायचं सूत, दोन्ही हातची निघाली होती.

आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मांजराकडे.

"ह्या दोघांतलं येकच घरात ऱ्हाईल," ते म्हणाले.

मी मोठ्या आशेने कुटुंबाकडे पाहिलं. सात जन्मांची सोबतीण ती.

"मांजर उंदीर धरतंय," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही काय धरताय?"

मी काय धरणार? नाक मुठीत धरलं आणि अंथरूण बगलेत मारून शेजारच्या पडवीत राहायला गेलो. माझी पाठ वळताच शेटजी टांग्यातून उतरले, आत गेले, लुगड्यावर खूश झाले आणि दुप्पट सूत कबूल करून बाहेर पडले.

"शकुन लई बेस झाला बघा," आप्पा गल्लीला सांगत होते. "पोरगं घरातनं भाईर पडलं."