झेलीवहिनीची ओस्ती

झेली माझ्या थोरल्या भावाची विधवा. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर, जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या आमच्या अकाडियन गावात रोज सकाळी प्रार्थनेला पाच-सहा म्हातारी माणसं येत. वहिनी पहिल्या बाकावर. फादर तीन गावं सांभाळत, म्हणून त्यांनी अर्पण करून ठेवलेल्या ओस्त्या मी वाटायचो. ओस्ती म्हणजे गव्हाच्या पिठाची नाण्याएवढी पातळ चकती. पण एकदा अर्पण झाली की ती भाकर राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते. हे आम्ही अक्षरओळखीच्या आधी शिकतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी वहिनीला सीलियाक निघाला. या आजारात गव्हाचा कण पोटात गेला तरी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडते. वहिनीनं पिठाचे डबे माझ्या घरी आणून टाकले.

"घ्या भावोजी, व्हा जाड. तुमच्याकडे बघून माझं पोट भरेल."

तरी तिचं वजन उतरतच राहिलं. चार वर्षांनी मी तिला शहरात मोठ्या तपासणीला नेलं.

"आतडं अजून सुजलेलंच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुठून तरी गहू जातोय. असंच चाललं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. बहुतेकांना होत नाही, पण धोका खराच."

"चार वर्षांत पावाचा तुकडा तोंडात घातला नाही हो. या भावोजींना विचारा, चोरून खाणारे ते."

मी हसलो, आणि तेव्हाच मला सकाळची आठवण झाली. तिनं पुढे केलेली जीभ, माझी बोटं. सांगावंसं वाटलं. पण सांगायचं म्हणजे ख्रिस्ताच्या शरीराला भाकर म्हणायचं, तेही दोन बायकांसमोर. मी टोपी हातात फिरवत बसलो. परतताना गाडीतही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिला ओस्ती दिली. पुढे तीन वर्षं देत राहिलो.

मग तिच्या आतड्यात लिम्फोमा निघाला, डॉक्टरबाईंनी सांगितलेला तोच कॅन्सर. इस्पितळात आहार सांगणारी मुलगी आमच्याच गावची. तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही रोज चर्चला जाता ना?"

वहिनीनं मान हलवली.

"नावापुरता गहू असलेली ओस्ती मिळते. फादरांना नुसतं सांगायचं होतं."

त्यामुळेच कॅन्सर झाला असं कुणी सांगू शकत नाही, असंही ती म्हणाली. ती गेल्यावर वहिनी माझ्याकडे वळली.

"भावोजी, तुमच्या कधी मनात आलं होतं?"

"आलं होतं."

"मग?"

मी टोपी उचलून फादरांना फोन करायला बाहेर गेलो.

रविवारी मी ती वेगळी ओस्ती घेऊन गेलो. "ख्रिस्ताचं शरीर," मी म्हणालो. तिनं ओठ उघडले नाहीत.

"वहिनी, ही चालते तुम्हाला."

"कळतंय हो. पण मला आता तिची भीती वाटते." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

नऊ दिवसांनी ती गेली, ओस्ती न घेता. पन्नास वर्षांत एक सकाळ न चुकवलेली बाई. तिचं तेवढंच होतं, तेही मी ठेवलं नाही.