वेल धरून उभा राहिलेला माणूस

मे महिन्यात आमच्या कोपरखैरण्याच्या रो-हाउसमधली मधुमालती फुलांनी लगडली आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत शिरली. त्यांची कटकट थांबावी म्हणून मी घणसोली गावातून एक माळी बोलावला. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. शिडीवर चढण्यापूर्वी त्याने विचारलं, "आत घरटा नाय ना, ताई?"

मी न बघताच नाही म्हटलं.

अर्धा वेल खाली आला आणि त्याची कात्री थांबली. बुलबुलाचं घरटं उघडं पडलं होतं. आत दोन पिल्लं होती, अंगावर धड पिसंही नव्हती. वर कडक ऊन, कुंपणावर कावळा. मादी तारेवर बसून ओरडत होती.

त्याने लोंबणारा वेल उचलून घरट्यावर धरला.

"सुतळी आणते, बांधून टाका," मी म्हटलं.

"आता हललो त ती येनार नाय. आई येऊ दे पयली."

तो तसाच उभा राहिला. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. मी झाडू घेऊन कावळ्याला हाकलत राहिले. त्या माणसाकडे बघायची मला लाज वाटत होती. अर्ध्या तासाने मादी चोचीत किडा घेऊन आली आणि त्याच्या मनगटाला घासून आत शिरली.

मग त्याने सावकाश वेल बांधला आणि खाली उतरला. मी पाणी दिलं, तर त्याचे हात इतके थरथरत होते की ग्लास मलाच धरावा लागला.