अलार्म कोणी बंद केला

आमच्या कारखान्याच्या कंट्रोल रूममधला तो ऑपरेटर विदर्भातल्या आसगावचा. अलार्म वाजला की तो आधी खुर्चीतून उठायचा, मग स्क्रीन वाचायचा. "बसून कायले पाहू? तिकडे माणूस मरून राहिला असंल!" अलार्मचा नुसता आवाज बंद करून चहा पिणाऱ्यांवर तो इतका खेकसायचा, की मीही त्याला टाळायचो.

या उन्हाळ्यात, त्याची पाळी नसताना, भट्टीजवळ गॅस गळला आणि एक वेल्डर बेशुद्ध पडला. चौकशीत मॅनेजर म्हणाले, "अलार्म वाजलाच नाही. वेल्डरचाच निष्काळजीपणा." आम्ही सगळे माना खाली घालून बसलो.

तो उठला. कॉम्प्युटरमधल्या नोंदींचा कागद त्याने टेबलावर आपटला. "वाचा ना साहेब! दहा वाजून चार मिनिटाले अलार्म वाजला. पाचव्या मिनिटाले तुमच्याच लॉगिननं बंद झाला. कोणाले खोटं सांगून राहिले?"

मॅनेजरांनी कागद टराटरा फाडला.

"फाडा," तो ओरडला. "दुसरा कागद मी वेल्डरच्या बायकोले देऊन आलो."

मग मॅनेजरांनी 'अलार्म वाजलाच नाही' असा तयार जबाब सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी तो सही न करता परत ढकलला.