अलंकारवाले नानासो आणि एक ‘कळवतो’

उंब्रजच्या एसटी स्टँडमागं नानासोंच्या दारावर पाटी होती, ‘इंग्रजी अलंकार वर्ग’. ती लावली त्याच आठवड्यात एक म्हातारी तुटलेली बोरमाळ घेऊन आली आणि डाख लावायला किती घ्याल, म्हणून विचारू लागली. नानासोंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, की आज्जे, हे अंगावरचे अलंकार नव्हेत, बोलण्यातले आहेत. म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग बोरमाळ कवा मिळंल?

पाटी मात्र त्यांनी बदलली नाही. फौजेत जवानांना इंग्रजी शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्या इंग्रजीतही जीव अडकला तो ‘फिगर्स ऑफ स्पीच’मध्ये. रिटायर होऊन आले ते हे खूळ घेऊनच. बारावीची पोरं असोत की पोलीस भरतीची, उदाहरणं सगळी अस्सल गावची. राईचा पर्वत करून सांगणं म्हणजे हायपरबोली. हे नाव पोरांना फार आवडायचं, आपल्या बोलीचीच कुठली तरी भावकी असणार असं त्यांना वाटे. उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेला माणूस घरी येऊन ‘जलम गेला तिथं’ म्हणतो, ती हायपरबोली. मोटर रुसली, गाडी धापा टाकायला लागली, हे पर्सोनिफिकेशन. कडू गोष्ट गोड शब्दांत गुंडाळून द्यायची, तो युफेमिझम. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. आणि सगळ्यांत पक्का युफेमिझम कोणता, तर पोरगी बघून झाल्यावर पाहुणे उठताना म्हणतात तो ‘कळवतो’. कळवतो म्हणजे नाही, लिहून घ्या, असं नानासो टेबलावर हात आपटून सांगायचे.

या खुळाचा खरा ताप बनाबाईंना. बायकोनं तोंड उघडलं रे उघडलं की हे त्याला इंग्रजी नाव ठेवणार. एकदा वैतागून ती म्हणाली, तुमच्यासंगं बोलण्यापरास भिताडासंगं बोललेलं बरं, भिताड शहाणं तरी असतंय. नानासो खूश. म्हणाले, बघ, आयरनी आली तुला. त्या दिवशी तिनं भिंतीपुढंच ताट वाढलं आणि ह्यांना मुकाट तिथं जाऊन बसावं लागलं.

त्यांची एकुलती एक लेक क्रांती, कराडच्या एका दवाखान्यात नर्स. पोरगी गुणाची, पण बघायला येईल त्या मुलात तिला काही ना काही खुपायचंच. तशात आटपाडीकडचं एक स्थळ आलं. नानासोंचे मूळ लोकही त्याच दुष्काळी पट्ट्यातले, मेंढरं राखणारे. मुलगा इंद्रजित गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. बाप गुंडा म्हणजे विचारलं तेवढंच बोलणारा, आणि नाही विचारलं तर चहा फुंकत बसणारा माणूस. मध्यस्थ जोतीरामनं गोडीगुलाबीनं बैठक जमवून आणली. पोरगा-पोरगी अंगणात जरा बोलली. तो जनावरांना सुया टोचतो, ही माणसांना, यावरून दोघं इतकी हसली की बनाबाईंनी आतून डोकावून बघितलं. हसण्याच्या नादात एकमेकांचा फोन नंबर घ्यायचं मात्र दोघांचंही राहून गेलं.

पाहुणे गेल्यावर नानासोंनी लेकीला विचारलं, कसा वाटला? कप विसळत ती म्हणाली, “वाईट न्हाई.”

नानासोंना उभ्या जागी नाचावंसं वाटलं. नकारातून होकार द्यायचा, याला लिटोटीस म्हणतात, आणि सातारच्या पोरीच्या तोंडी ‘वाईट न्हाई’ म्हणजे जीव जडला. पण मग त्यांना गुंडाचं उठतानाचं बोलणं आठवलं आणि ते मटकन खाली बसले. गुंडा ‘कळवतो’ म्हणून गेला होता.

फोन काही येईना. बनाबाई म्हणायच्या, आवं, आपनच करा की. नानासो म्हणायचे, तुला युफेमिझम कळत न्हाई, त्यांनी नाही म्हटलंय. क्रांती ड्यूटीवरून यायची, मोबाईल बघायची आणि काही न बोलता भाकरी थापायला बसायची. तिचं ते गप्प बसणं बापाला बघवेना. आधी वाईट वाटलं, मग राग आला. आपल्या सोन्यासारख्या पोरीला हे नाकारणारे कोण? भरल्या डोक्यानं त्यांनी जोतीरामला फोन लावला आणि सांगितलं, की पाव्हण्यांना म्हणावं, आमच्या पोरीचं फलटणला जमलं, तुमचा रस्ता तुम्हाला मोकळा. घरात कुणालाही हे सांगितलं नाही. वर स्वतःच्या मनाला समजावलं, की अब्रू राखायची ही आपली एक बोलायची रीत.

रविवारी सकाळी दारात गुंडा उभा. सोबत त्याची बायको हरणाबाई, पायांवर धूळ, हातात पिशवी. क्रांतीनं पाणी आणलं. गुंडानं तांब्या खाली ठेवला आणि विचारलं नसतानाही बोलायला लागला.

“कळवाया उशीर झाला, गुर्जी. मेंढरं घिऊन ही पाटणच्या डोंगरात. तितं फोन लागत न्हाई. आन हिला इचारल्याबिगर मी कसं कळवणार? तवा गेलो शोधत. आमा दोगांस्नी पोरगी पसंत हाय.”

सगळ्या महाराष्ट्रात ‘कळवतो’चा अर्थ ‘नाही’ असा होतो, आणि हा एक बाबा नेमका कळवण्यासाठी ‘कळवतो’ म्हणाला होता.

“पर वाटंत जोतीरामाचा फोन आला,” गुंडा पुढं म्हणाला. “पोरीचं फलटनला जमलं म्हणं. चांगलं झालं. लुगडं घेतलंच हुतं, तर म्हणलं दिऊन जावं. लेकच हाय ती.”

हरणाबाईनं पिशवीतून लुगडं काढलं. क्रांतीनं ते घेतलं नाही. ती बापाकडं बघत होती. बनाबाईही बघत होत्या. नानासोंनी आधाराला नेहमीसारखा अलंकारच धरला.

“तसं न्हाई पाव्हणं,” ते म्हणाले, “ते एक बोलण्यातलं...”

“मंजी? फलटनला जमलं न्हाई?”

“न्हाई.”

गुंडानं जरा विचार केला. रागावलेला मुळीच दिसत नव्हता, फक्त नीट समजून घेत होता. “मग खोटं बोलला म्हना की.”

“व्हय,” नानासो म्हणाले. “खोटं बोललो. तुमी नाही म्हणलाय असं मला वाटलं. पोरीचं तोंड बघवंना. माझं चुकलं.”

गुंडानं मान हलवली. चुकलं म्हणालाय, म्हणजे चुकलं, एवढाच त्याच्या लेखी त्याचा अर्थ होता. तो लगेच फेटा सोडून ऐसपैस बसला.

हरणाबाई मात्र पुरुषांकडं बघतच नव्हती. तिनं क्रांतीला जवळ ओढलं आणि म्हणाली, “ह्यांचं ऱ्हाऊ दे. पोरी, तू सांग. आमचा इंद्रा आवडला का तुला?”

क्रांतीनं लुगडं हातात घेतलं, छातीशी धरलं.

“लय,” ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

नानासोही रडले. बनाबाईंनी त्यांच्याकडं तांब्या सरकवला. मग मायलेकी वाट बघत राहिल्या, की आता नानासो याला कुठला अलंकार म्हणतात. ते उठले आणि पाव्हण्यांसाठी चहा टाकायला स्वतः आत गेले.