उचललेला भंडारा

उपसरपंचपद म्हणजे काही राज्य नव्हे. तरी त्यासाठी मी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शब्द दिला: पहिलं वर्ष माझं, मग खुर्ची थोरल्या चुलतभावाची. देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द आमच्या माण तालुक्यात कुणी मोडत नाही. मी मोडला. वर्षभरात लोकांच्या रामरामाची चटक लागली होती. भाऊ आठवण करून द्यायला आला, तेव्हा चारचौघांत मी विचारलं, "कसला भंडारा, दादा?" तो निघून गेला.

यंदाच्या जत्रेत तो भंडाऱ्याची मूठ घेऊन समोर आला, तशी मी मान मागं घेतली. "वाक की रं," म्हणत त्यानं दरवर्षीसारखाच माझ्या कपाळाला भंडारा लावला.

घरी येऊन मी कपाळ साबणानं घासलं. खुर्ची अजून माझ्याकडंच आहे.